साइडमाउंट: सिलिंडरला हात लावण्याआधी हार्नेस अंगाला बसवा

प्रश्न आपल्या सोलापूरच्याच एका गृहस्थांचा आहे. वय ४१, कंबरेतल्या मणक्याची गादी सरकलेली, तारकर्लीला स्कूबाचा ओपन वॉटर, म्हणजे पहिला, कोर्स केलेला, आतापर्यंत बावीस डाइव्ह. पाठीवर सिलिंडर घेऊन बोटीत उठताना कंबर धरते, म्हणून त्यांनी एका उंच मित्राचा जुना साइडमाउंट हार्नेस (सिलिंडर पाठीवर न घेता अंगाच्या दोन्ही बाजूंना लटकवायचे पट्टे) घेतला आणि ओळखीच्या पोहण्याच्या तलावात एकट्यानेच दोनदा घालून पाहिला. सिलिंडर पोटाखाली लोंबले, डोकं सारखं खाली जात राहिलं आणि हवा निम्मी संपल्यावर सिलिंडरची मागची टोकं वर तरंगू लागली. ते विचारतात: शिशाचं वजन वाढवू का? बंजी, म्हणजे सिलिंडर काखेत धरणारी रबरी दोरी, बदलू का? आणि अक्कलकोट रोडला आमच्या शेतात साठ फुटी विहीर आहे, तिथे सराव केला तर चालेल का?

विहिरीचं उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत महत्त्वाचं आहे. नाही, तिथे उतरू नका. का, ते खाली सविस्तर लिहितो.

मी चौदा वर्षं साइडमाउंट शिकवतो आहे. ऑक्टोबर ते मे किनाऱ्यावर असतो, पावसाळ्यात सोलापुरात घरी. या काळात जेवढे विद्यार्थी "सिलिंडर नीट बसत नाहीत" म्हणत आले, त्यांतल्या बहुतेकांचा हार्नेसच नीट बसलेला नव्हता. तुमची तिन्ही लक्षणं तीन वेगळ्या कारणांनी होतात, पण पहिली दोन एकाच मुळातून येतात असं मला वाटतं: उंच माणसाचा हार्नेस तुम्ही तसाच घातला. मी तुम्हाला पाण्यात पाहिलेलं नाही. तुमची उंची, पोटाचा घेर, सूटची जाडी, सिलिंडर ॲल्युमिनियमचे की स्टीलचे, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून सेंटिमीटरचे आकडे देत नाही. अंगावर कुठे काय लागलं पाहिजे ते सांगतो.

साइडमाउंट मुळात गुहांमधून आलं. इंग्लंडमध्ये मेंडिपच्या डोंगरातल्या पाण्याने भरलेल्या बोळांत पाठीवरचा सिलिंडर अडकायचा, म्हणून तिथल्या लोकांनी तो कमरेला बाजूने लटकवला. पुढे फ्लोरिडाच्या गुहांमध्ये ही पद्धत खऱ्या अर्थाने पोहण्याजोगी झाली. सुरुवातीचे बरेच हार्नेस त्या माणसांनी स्वतःच्या अंगावर मापं घेऊन घरी बनवलेले होते. आज दुकानात तयार मिळत असले, तरी त्यांची प्रकृती तीच आहे. पट्टे लांब ठेवून देतात, ते आपल्या अंगाप्रमाणे कमी करायचे असतात. मित्राने स्वतःसाठी बसवलेला हार्नेस म्हणजे त्याच्या मापाचा सदरा.

डोकं खाली का जातं, हे समजायला तुम्हाला पुस्तक लागणार नाही. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधत. डबा पाठीच्या मध्यावर असला की पोर आडवं तरंगायचं. दोरी सैल होऊन डबा कमरेखाली घसरला की ढुंगण वर आणि तोंड पाण्यात. खांद्याकडे सरकला की पाय खाली लोंबायचे. विंग, म्हणजे तुमच्या हार्नेसची हवेची पिशवी, हाच तो डबा आहे. मणक्यावरून जाणारा मधला पट्टा तुमच्या मित्राच्या पाठीइतका लांब असेल, तर विंग तुमच्या नितंबांवर जाऊन बसते. हवा भरली की मागचा भाग उचलला जातो आणि डोकं खाली. यावर वजन वाढवून काय होईल? ते पेलायला विंगमध्ये आणखी हवा भरावी लागेल आणि डबा आणखी जोरात ढुंगण उचलेल. म्हणून वजनाला सध्या हात लावू नका.

आता घरी करायचं काम. माझ्या ओळखीचे एक शिंपी मास्तर आहेत, आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले. माझ्या पहिल्या हार्नेसचे पट्टे मी त्यांच्या टेबलावर बसून कमी केले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी आजही प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. ज्यावर घालायचं त्यावरच माप घ्या, आणि एका ट्रायलला एकच शिवण हलवा. म्हणजे सूट घालूनच हार्नेस घाला, मग तो तीन मिलिमीटरचा असो की नुसता रॅश गार्ड. आणि एका वेळी एकच पट्टा बदला. दोन बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. पट्ट्यावर शिंप्याच्या खडूने खूण करा, म्हणजे परत मागे येता येतं. जास्तीचं टोक लगेच कापू नका. दहा डाइव्ह होऊ द्या.

सुरुवात कमरेच्या पट्ट्यापासून. तो पोटावर नव्हे, नितंबाच्या हाडांवर बसला पाहिजे, आणि घट्ट. पोट असलेल्या माणसाला तो खाली ओघळल्यासारखा वाटतो, पण तिथेच ठेवा. मग मधला पट्टा. खांद्याचे पट्टे जिथे एकत्र येतात ती पट्टी तुमच्या दोन्ही खांद्यांमागच्या चपट्या हाडांच्या, म्हणजे फऱ्यांच्या, मध्ये आली पाहिजे. मित्राच्या मापात ती तुमच्या मानेजवळ चढलेली असेल किंवा विंग खाली लोंबत असेल. मधला पट्टा कमी केल्यावर विंगचा खालचा काठ नितंबांच्या वरच्या उताराला टेकतो, त्याखाली जात नाही. हे जमलं की निम्मं काम झालं.

मग खांद्याचे पट्टे. साइडमाउंटमध्ये वजन खांद्यावर यायचं नसतं, त्यामुळे ते आवळायचे नसतात. सपाट तळहात पट्ट्याखाली सहज सरकला पाहिजे. उजवा हात डाव्या खांद्यापर्यंत आणि डावा उजव्यापर्यंत अडथळ्याशिवाय जायला हवा. छातीवरची डी-रिंग, म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारखी कडी, न शोधता अंगठ्याला सापडेल अशा जागी ठेवा. डोळे मिटून दहा वेळा हात लावून पाहा. एकदाही चुकला तर रिंग हलवा. शेवटी मांड्यांच्या मधून जाणारा पट्टा. तो ताणून मधला पट्टा खाली ओढला जात असेल तर सैल करा. त्याचं काम विंग डोक्याकडे सरकू न देणं एवढंच आहे.

आता बंजी. तुमचे सिलिंडर पोटाखाली लोंबतात त्याचं थेट कारण बहुतेक तीच. बंजी पाठीच्या मधून निघून काखेखालून पुढे येते आणि सिलिंडरच्या मानेला, व्हॉल्व्हपाशी, वर धरून ठेवते. नीट मापाची बंजी ताण न देता काखेच्या पुढच्या घडीपर्यंत जेमतेम पोहोचते. व्हॉल्व्हवर चढवायला तिला थोडं ओढावं लागतं आणि सोडल्यावर ती सिलिंडरची मान काखेत खेचून घेते. लांब असली तर व्हॉल्व्ह बरगड्यांच्या खाली ओघळतो आणि पितळी व्हॉल्व्ह व रेग्युलेटरचं (श्वास घ्यायच्या यंत्राचं) सगळं वजन छातीखाली जाऊन डोकं आणखी खाली ओढतं. आखूड असली तर खांदे मागे खेचले जातात आणि गार बोटांनी ती चढवताच येत नाही. तुमच्या मित्राची छाती तुमच्यापेक्षा रुंद असणार, म्हणून ती तुम्हाला लांब पडते. गाठ सरकवून दोन्हीकडून बोटभर कमी करा, घालून पाहा, मग पुन्हा बोटभर.

जुनी बंजी हातात ताणून नीट बघा. आतला रबर तुटला की वरचं कापड सैल, पोकळ लागतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि गाडीच्या डिकीत ठेवलेला रबर एका उन्हाळ्यात निकामी होतो. हार्नेस घरात, सावलीत टांगून ठेवा. शंका असेल तर बंजी नवी घ्या. या सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त काम करणारी वस्तू तीच आहे.

पुढची पायरी सिलिंडरवरचा पट्टा. त्याला दोरी आणि बोल्ट स्नॅप, म्हणजे खटक्याचा हूक, लावलेला असतो आणि तो कमरेच्या रिंगला अडकतो. टेप घेऊन तुमच्या काखेपासून कमरेच्या रिंगपर्यंतचं अंतर मोजा. स्नॅपपासून सिलिंडरच्या मानेपर्यंतचं अंतर साधारण तेवढंच, दोन बोटं कमी असं ठेवून सुरुवात करा. पट्टा सिलिंडरच्या बुडाकडे सरकवला की सिलिंडर डोक्याच्या दिशेने पुढे जातो. व्हॉल्व्हकडे सरकवला की सिलिंडर मागे जातो आणि शेपूट, म्हणजे त्याचं मागचं टोक, लांब राहते. पट्टा गोल फिरवला की व्हॉल्व्हची मूठ कोणत्या दिशेला वळते ते बदलतं. दोरी लांब ठेवली तर शेपूट लोंबते, आखूड केली तर अंगाला चिकटते. हे चार फरक एकदा हाताने करून पाहिलेत, की पुढे कुणाला विचारावं लागणार नाही.

आपल्याकडे एक खास अडचण येते. साइडमाउंटसाठी डाव्या आणि उजव्या हाताचे वेगळे व्हॉल्व्ह असतात, पण भाड्याचे सिलिंडर बहुतेक एकाच हाताचे असतात. त्यामुळे एका बाजूची मूठ सोयीची आणि दुसरीची उलट येते. उलट बाजूला बंजी मुठीवर टिकत नाही, निसटते. तिथे बंजी मानेभोवती घ्यावी लागते, आणि हे तुमच्या प्रशिक्षकासमोर दोनदा-तीनदा करून पाहा. किनाऱ्यावर पोहोचायच्या आधी केंद्राला फोन करून सिलिंडर कसले आहेत ते विचारून घ्या.

तुमचं तिसरं लक्षण, हवा संपत आली की शेपूट वर येणं. इथे तुमची काही चूक नाही, ॲल्युमिनियमचा स्वभावच तसा आहे. ११.१ लिटरचा सिलिंडर २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरला की त्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते, आणि तिचं वजन सुमारे २.७ किलो भरतं. भरलेला असताना हा सिलिंडर पाण्यात थोडा जड असतो, साधारण अर्धा-पाऊण किलो. रिकामा झाला की तो सुमारे दोन किलोंनी वर तरंगायला लागतो. व्हॉल्व्हचं टोक पितळेमुळे जड, म्हणून हलकेपणा बुडाकडून दिसतो. उपाय सोपा आहे: डाइव्ह चालू असताना स्नॅप कमरेच्या मागच्या रिंगवरून काढून पुढच्या रिंगला लावायचा, किंवा सरकती रिंग असेल तर ती पुढे ओढायची. शेपूट पुन्हा अंगालगत येते. मी विद्यार्थ्यांना १२०-१३० बारच्या सुमारास हा बदल करायला सांगतो. स्टीलचे सिलिंडर शेवटपर्यंत जड राहतात, त्यांना हे लागत नाही, पण त्यांची जुळणी वेगळी.

वजनाकडे आता येऊ. दोन सिलिंडर म्हणजे डाइव्हच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुमारे चार किलोंचा फरक. वजन शेवटच्या स्थितीसाठी ठरवायचं असतं: दोन्हींत ५० बार उरलेत, विंग रिकामी आहे, आणि तुम्ही पाच मीटरवर शांत श्वास घेत थांबू शकता. तेवढंच वजन पुरे. ते कमरेला पुढे बांधू नका. मणक्याच्या पट्ट्यावर, फऱ्यांच्या मध्ये किंवा थोडं खाली लावा. आणि सोलापूरच्या तलावातलं वजन मालवणला चालणार नाही. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जास्त घन असतं. तुम्ही आणि तुमचं सामान मिळून ११०-१२० किलो धरलं, तर समुद्रात अडीच-तीन किलो जास्त लागतात. तलावात नीट बसलेला माणूस तारकर्लीला पाण्यावरच राहतो आणि वाटतं की हार्नेसच बिघडला.

इथवरचा क्रम असा: कमर, मधला पट्टा, खांदे, मांडीचा पट्टा, मग बंजी, मग सिलिंडरचा पट्टा, आणि सगळ्यात शेवटी वजन. तुम्ही उलट्या टोकाकडून सुरुवात करत होतात.

तलावात उतराल तेव्हा कुणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. वरून किंवा समोरून काढलेल्या व्हिडिओत काही कळत नाही. खांदा, नितंब आणि गुडघा एका रेषेत, पोटऱ्या वर वळलेल्या, सिलिंडर बरगड्यांना समांतर, असं चित्र दिसायला हवं. विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या लोकांना हात मारायची सवय असते. हात पुढे बांधून नुसत्या पायांनी, बेडकासारखी किक मारत फिरा. हात हलले की खरा तोल किती आहे ते लपून जातं.

पण हे सगळं प्रशिक्षकाबरोबर करा. दोन वेळा एकट्याने केलंत ते मला आवडलेलं नाही, आणि हे काळजीपोटी लिहितोय. दीड-दोन मीटर पाण्यातसुद्धा सिलिंडरची हवा घेऊन श्वास रोखत वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं. शिवाय साइडमाउंटचं खरं शिक्षण पट्ट्यांच्या पलीकडचं आहे. तुमच्याकडे दोन स्वतंत्र सिलिंडर, दोन स्वतंत्र रेग्युलेटर असतात, मध्ये जोड नसतो. एका बाजूला बिघाड झाला तर दुसऱ्या बाजूच्या हवेवर तुम्हाला वर यायचंय. म्हणून आलटून पालटून श्वास घ्यायचा आणि दोन्हींतला फरक ५० बारच्या वर जाऊ द्यायचा नाही. मी तर तीस-चाळीसवरच बदलतो. माझ्या शिकण्याच्या काळात एकदा मासे बघण्याच्या नादात उजव्या सिलिंडरमधूनच श्वास घेत राहिलो. ती बाजू हलकी होऊन अंग डावीकडे कलंडायला लागलं तेव्हा गेज पाहिला: एकात ७०, दुसऱ्यात २००. पाणी बारा मीटर होतं, सोबतीला चांगला जोडीदार होता, म्हणून निभावलं. उजव्यात बिघाड झाला असता तर अडचण नव्हती. डाव्यात झाला असता तर दोनशे बार अंगाला बांधलेले असूनही माझ्या हाती सत्तरच उरले असते.

उजव्या सिलिंडरला सुमारे दोन मीटरचा लांब होज, म्हणजे हवेची नळी, असतो, जोडीदाराला हवा द्यायला. डाव्याचा आखूड होज मानेभोवतीच्या बंजीत अडकवलेला, हनुवटीखाली. होज कुठून कुठे न्यायचे हे पाहूनच शिकावं, लिहून समजत नाही. स्वतःच्या हाताने व्हॉल्व्ह बंद करणं, गळणारा रेग्युलेटर मूठ उघडझाप करत वापरणं, एक सिलिंडर काढून पुढे धरून पोहणं, हे सगळं कोर्समध्ये करून घेतात. शिकवणारा स्वतः नेमाने साइडमाउंट करतो का, आणि पहिला अर्धा दिवस जमिनीवर हार्नेस बसवायला देतो का, एवढं विचारा. दुसऱ्याचं उत्तर "पाण्यात बघू" असं आलं तर दुसरा माणूस शोधा.

आता विहीर. साठ फुटी विहिरीत मोटारीचे पाइप, दोर, वायर असतात. वायरचं आवरण फाटलेलं असलं तर पाण्यात करंट उतरतो. तळाचा गाळ एका किकने उठतो आणि हाताचं बोट दिसत नाही. तुमचे दोन सिलिंडर, होज, लोंबता स्नॅप, प्रत्येक वस्तू अडकण्याच्या लायकीची. पायऱ्या नसल्या तर बेशुद्ध माणसाला वर काढणार कसं? त्यातून सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, आणि ३०० मीटरच्या वर डाइव्ह करताना उंचीचा हिशेब धरावा लागतो, तो तुमच्या कोर्समध्ये शिकवलेला नाही. उजनीच्या पाण्याबद्दलही कुणीतरी सुचवेल. तिथे मासेमारीची जाळी आहेत, गढूळ पाणी आहे, बुडालेली गावं आहेत. साइडमाउंट गुहांसाठी जन्मलं म्हणून ते अडचणीच्या जागी आपोआप सुरक्षित होत नाही. गुहेत जाणारी माणसं त्याआधी वर्षानुवर्षं उघड्या पाण्यात घालवतात.

तुमच्या कंबरेविषयी दोन गोष्टी. साइडमाउंटने उचलण्याचा त्रास कमी होतो हे खरं. सिलिंडर बोटीवरून एकेक खाली दिला जातो आणि तुम्ही पाण्यात तो अडकवता; वर चढण्याआधी काढून देता. पण आडवं राहायला कंबर थोडी मागे वाकलेली ठेवावी लागते, आणि काही मणकेवाल्यांना तेच सोसत नाही. घरी चटईवर पालथे पडून, छाती आणि गुडघे किंचित उचलून दोन-तीन मिनिटं राहून पाहा. कळ आली तर आधी डॉक्टर, तेही डाइव्हिंगची माहिती असलेले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पायात मुंग्या, बधिरपणा ही गादी सरकल्याचीही लक्षणं आहेत आणि डीकॉम्प्रेशनच्या आजाराचीही (वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा आजार). आज तुमच्या कोणत्या पायाला, कुठे, किती बधिरपणा आहे हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद डाइव्हला सोबत ठेवा. उद्या पाण्यातून वर आल्यावर मुंग्या आल्या, तर जुनं काय आणि नवं काय हे त्यावरूनच कळेल.

आणि परतीचा रस्ता. मालवणहून सोलापूरला यायचं म्हणजे घाट चढावाच लागतो. आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे. उंचीवर जाताना शरीरातला नायट्रोजन विमानात सुटावा तसाच सुटतो. विमानासाठी सांगितलेला नियम मी घाटालाही लावतो: एक साधा डाइव्ह झाला असेल तर किमान १२ तास, रोज किंवा एकाहून जास्त झाले असतील तर किमान १८. म्हणजे रविवारी दुपारी शेवटचा डाइव्ह करून संध्याकाळी गाडी काढायची नाही. शनिवारी उरका, रविवारी सामान गोड्या पाण्याने धुवा, बंजी आणि पट्टे सावलीत वाळवा, आणि मग निघा.

पट्टे बदलून झाल्यावर बाजूने काढलेला फोटो पाठवा. सूट घालून, दोन्ही हात पुढे, कॅमेरा कमरेच्या उंचीवर. मधला पट्टा किती कमी केलात तेही खडूच्या खुणेसकट दिसू द्या.